होमरचा हॅलिबट: तारीख भरती-ओहोटीला विचारून ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: सिएटलहून चौघे जण जूनअखेरीस अलास्कात होमरला हॅलिबट गरवायला जाणार आहेत. कोकणात खाडीवर गरवायची सवय आहे, पण माणसाएवढ्या माशाशी कधी गाठ पडलेली नाही. ओळखीतल्या एकाची २२ फुटी बोट मिळू शकते. चार्टर (कप्तानासकट भाड्याची बोट) घ्यावी की त्या बोटीने जावं, सामान काय लागेल, मासा बोटीत कसा घ्यायचा आणि मांस घरापर्यंत कसं आणायचं?

विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा. चार्टर की स्वतःची बोट, रॉड कोणता, आमिष कुठलं, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साधारण ५ मीटर चढतं-उतरतं. होमरला हाच फरक ८ मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी सहा तासांत कुक इनलेटच्या, म्हणजे होमर ज्या लांब आखातावर आहे त्याच्या, तोंडातून आत शिरतं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर पडतं, त्यामुळे उघड्या भागात ३-४ नॉटचा प्रवाह सहज तयार होतो. हॅलिबट हा चपटा, तळाशी पडून राहणारा मासा. त्याचं भक्ष्य तळाला टेकलेलं हवं. ३ नॉटच्या प्रवाहात ५० मीटर खोलीवर एक किलोचं शिसंही तळावर टिकत नाही, दोर मागे ताणला जातो आणि आमिष मधल्या पाण्यात फडफडत राहतं. मासे खाली असतात, तुम्ही वर असता आणि दिवस संपतो. होमरहून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांपैकी बहुतेकांचं नशीब वाईट नसतं, त्यांनी तारीख चुकीची निवडलेली असते.

म्हणून भांगाचे दिवस धरा. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हा हिशेब तिथेही तसाच चालतो. घरात कालनिर्णय असेल तर जूनअखेरची अष्टमी शोधा आणि तिच्यानंतरचे दोन-तीन दिवस राखून ठेवा, कारण पाणी चंद्रापेक्षा एक-दोन दिवस उशिराच ऐकतं. नंतर ‘नोआ’च्या (अमेरिकेच्या सरकारी समुद्र-हवामान संस्थेच्या) होमर किंवा खाडीपलीकडच्या सेल्डोव्हियाच्या कोष्टकातून पक्कं करा. ते कोष्टक फुटांत असतं. लागोपाठच्या भरती आणि ओहोटीतला फरक १२ फुटांच्या आत असेल तर दिवस उत्तम. तो २० फुटांच्या वर असेल तर खुल्या समुद्राचा नाद सोडा आणि कचेमक बेच्या, म्हणजे होमरसमोरच्या खाडीच्या, आत कमी खोलीवर काय मिळेल ते बघा. तिथे दिवसात दोन भरत्या येतात, पण दोन्ही सारख्या नसतात. त्यामुळे सकाळचं पाणी वाईट आणि दुपारचं चांगलं, असंही होतं.

दुसरी एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. किनाऱ्यावर भरती पूर्ण होण्याची वेळ आणि बाहेर प्रवाह थांबण्याची वेळ एकच नसते. दोन्हींत तासाभराचाही फरक पडू शकतो. प्रवाहाचे अंदाज वेगळे प्रसिद्ध होतात, ते बघा. पाणी थांबण्याआधीचा एक तास आणि नंतरचा एक तास ही खरी मासेमारीची वेळ. भांगाच्या दिवशी ती तीन तासांपर्यंत ताणली जाते, उधाणाला कधी कधी पाऊण तासावर येते. बंदरातून निघायची वेळ इथून मागे मोजत ठरवायची.

हंगामाच्या दृष्टीने जूनअखेर योग्य आहे. पॅसिफिक हॅलिबट हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) उतारावर १८० ते ४६० मीटर खोलीवर अंडी घालतो आणि उन्हाळ्यात चरायला उथळ पाण्यात येतो. १९२३ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी या एका माशासाठी करार केला, तेव्हा पहिलं पाऊल म्हणजे हिवाळ्यातले तीन महिने मासेमारी बंद. कायद्याने हौशी मासेमारी १ फेब्रुवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत चालते, पण होमरचा खरा हंगाम मे ते सप्टेंबरचा पहिला आठवडा एवढाच समजा.

आता चार्टर की स्वतःची बोट. माझं मत स्पष्ट आहे: पहिला दिवस चार्टर, दुसरा दिवस ती २२ फुटी बोट, आणि तीही हवामान असेल तरच. चार्टरचे कप्तान पॉइंट अॅडमच्या पलीकडे किंवा थेट बॅरन आयलंड्सपर्यंत जातात. तिथला समुद्र उघडा असतो आणि प्रवाह एकमेकांवर आदळतात. २२ फुटी बोटीने नवख्याने तिथे जायचं कारण नाही. तुमच्यासाठी होमरच्या वायव्येचा ब्लफ पॉइंट, आणि पाणी फारच शांत असेल तर सेल्डोव्हियाच्या पुढचा पॉइंट पोगिबशी, एवढा टापू पुरे. तिथे बहुतेक मासे ५ ते १० किलोंचे मिळतील. खायला तेच सगळ्यात चांगले. पहिल्या दिवशी कप्तान नांगर कुठे टाकतो, शिसं किती लावतो, मासा वर आल्यावर कुठे उभा राहतो, हे बघून घ्या. पैसे त्याचेच द्यायचे असतात.

कुक इनलेटमध्ये दुपारी नैऋत्येचा वारा उठतो. ओहोटीचं पाणी नेमकं त्याच दिशेला बाहेर जात असतं. वारा आणि पाणी समोरासमोर आले की अर्ध्या तासात उभ्या, आखूड लाटा तयार होतात. सकाळच्या आरशासारख्या पाण्यावर विश्वास ठेवून दुपारी तीनपर्यंत थांबणारे इथेच फसतात. अंदाजात छोट्या बोटींसाठी इशारा असेल तर निघू नका. जूनमध्येही पाणी ८ ते १० अंश सेल्सियस असतं. त्यात पडलं तर पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं, पुढच्या दहाएक मिनिटांत हातपाय कामातून जातात. जीवरक्षक जाकीट बाकाखाली ठेवलेलं असेल तर ते घालायला बोटं चालणार नाहीत, म्हणून ते अंगावरच हवं. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर सुरू ठेवा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

नियम दोन्ही बोटींना वेगळे आहेत. स्वतःच्या किंवा मित्राच्या बोटीवर प्रत्येकी दिवसाला दोन हॅलिबट, लांबीचं बंधन नाही. चार्टरवर गेली काही वर्षं एक मासा कितीही मोठा आणि दुसरा ठरावीक लांबीच्या आतला, असं आहे. शिवाय आठवड्यातले काही दिवस चार्टरला हॅलिबट बंद असतो, त्यात बहुधा बुधवार येतो. ही लांबी आणि हे वार दरवर्षी बदलतात, म्हणून आरक्षणाआधी त्या वर्षीचा नियम वाचा. बाहेरून आलेल्या, १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला अलास्काचा मासेमारी परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. मित्राला मासेमारीला नेण्याबद्दल पैसे देऊ नका, कारण मोबदला घेऊन नेणारा कायद्याच्या नजरेत गाइड ठरतो आणि त्याला वेगळे परवाने लागतात.

सामान फार लागत नाही, पण जे लागतं ते भक्कम हवं. रॉड पावणेदोन ते दोन मीटरचा, आखूड आणि कडक. लांब रॉड दिसायला छान असतो, पण दोन किलो शिसं दिवसभर उचलताना त्याची लांबी तुमच्याच पाठीवर येते. रीळ आडव्या ढोलाचं, त्यावर ८० पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन किमान ३०० मीटर. ब्रेडेडच हवी. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि ५० मीटर खालचा स्पर्श हाताला कळतच नाही. शिवाय ती जाड असल्याने प्रवाह तिला जास्त ओढतो. लाइनवर आधी घसरती नळी, नळीला शिसं अडकवायचा आकडा, मग मणी, मग दणकट स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. स्विव्हलपुढे गळापर्यंतचा ६० ते ९० सेंटिमीटरचा जाड दोर, म्हणजे लीडर, २०० ते ३०० पौंडी नायलॉनचा किंवा लाँगलाइनवाले वापरतात त्या जाड विणलेल्या दोरीचा. हॅलिबटचे दात धारदार असतात, तळावरचे दगडही दोर घासतात, आणि शेवटी बोटीशी हातात धरायचा असतो तो हाच दोर. शिसं नळीवर घसरतं ठेवायचं कारण असं की मासा आमिष घेऊन चार हात सरकला तरी त्याला वजन जाणवत नाही.

गळ १६/० मापाचा सर्कल हुक. टोक आत वळलेल्या या गळाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक हॅलिबट मासेमारीचं रूप बदललं. जुन्या सरळ गळापेक्षा दुपटीहून जास्त मासे त्यावर टिकतात. तो जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, पोटात जात नाही, म्हणून सोडून दिलेला मासा जगतोही. शिसं ४५० ग्रॅमपासून २ किलोपर्यंत तीन-चार मापांचं घ्या.

आमिषाला हेरिंग सगळीकडे मिळतो. तो तारलीच्या कुळातला, तेलकट, वास लांब पसरवणारा मासा. पण तो मऊ असतो, दोन टोच्यांत गळावरून निघून जातो. म्हणून त्याच गळावर आधी ऑक्टोपसचा किंवा माकुलाचा बोटभर तुकडा लावा आणि वर अर्धा हेरिंग. हेरिंग गेला तरी चिवट तुकडा राहतो आणि गळ रिकामा पडत नाही. सॅमन माशाचं डोकं मोठ्या माशासाठी चांगलं, लहान मासे त्याच्या नादी लागत नाहीत. आमिष कितीही मोठं असलं तरी गळाचं टोक आणि टोक ते दांडी यांमधली फट मोकळी राहिली पाहिजे. ती फट मांसाने भरली तर सर्कल हुक जबड्याला धरूच शकत नाही. ‘टोचतोय पण लागत नाही’ या तक्रारीमागे दहात आठ वेळा हेच कारण असतं.

सगळ्यात जास्त काळजी नांगराची घ्या. हॅलिबटसाठी नांगर टाकायचा तो वासासाठी. बोट एका जागी राहते, आमिषाचा वास प्रवाहाबरोबर एका रेघेत खाली जातो आणि मासे त्या रेघेवरून वर येतात. बोट हलली की रेघ तुटते. म्हणून जागा घेतली की निदान ४० मिनिटं द्यायची. पण ४०-५० मीटर खोलीवर, प्रवाहात, २२ फुटी बोटीचा नांगर हाच तुमच्या दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. नांगर नेहमी बोटीच्या पुढच्या टोकाला बांधा. मागच्या बाजूला बांधला तर प्रवाह बोटीची मागची बाजू खाली ओढतो, तिथे इंजिनासाठी कड आधीच खालची असते, आणि एका लाटेत पाणी आत येतं. दोर खोलीच्या किमान तिप्पट, त्याच्या टोकाला पाच-सहा मीटर साखळी. साखळी नांगराच्या दांडीच्या कडीला न जोडता त्याच्या बुडाला जोडायची आणि वरच्या कडीला प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. नांगर दगडात अडकला तर जोर लावल्यावर पट्टी तुटते आणि नांगर उलटा, बुडाकडून निघून येतो.

नांगराच्या दोरावर मोठा नारिंगी तरंगता फुगा हवा. त्याचे दोन उपयोग. मोठा मासा लागला आणि तो प्रवाहाबरोबर निघाला तर दोर फुग्यासकट पाण्यात सोडून द्यायचा, माशामागे जायचं आणि नंतर येऊन दोर पकडायचा. दुसरा उपयोग नांगर काढताना: दोराला कडी अडकवून बोट प्रवाहाविरुद्ध तिरकी पुढे नेली की फुगा नांगराला वर उचलतो, पाठ मोडत नाही. हे करताना दोर कायम बोटीच्या एका बाजूला, नजरेसमोर ठेवा. तो पंख्यात गेला तर बोट मागच्या बाजूने बांधल्यासारखी होते आणि पुढे काय होतं ते वर सांगितलंच आहे. दोराजवळ धारदार सुरी हवी. अडकलेला नांगर वाढत्या प्रवाहात तसाच खेचत बसण्यापेक्षा कापून टाकलेला स्वस्त पडतो. नांगराचा सराव झालेला नसेल तर भांगाच्या दिवशी, पाणी थांबलेलं असताना बोट वाहू द्या आणि मासेमारी करा. त्यासाठी २५० ते ५०० ग्रॅमचे धातूचे किंवा रबरी जिग (वजनदार खोटी आमिषं) तळावर आपटून हात-दीड हात उचलायचे. मासे थोडे कमी मिळतील, पण बोट सुरक्षित राहील.

चार रॉड एकाच बोटीतून सोडले की दोर गुंतणारच, कारण सगळे मागच्या दिशेलाच वाहतात. उपाय सोपा आहे: पुढे उभ्या असलेल्यांना जड शिसं, मागच्यांना हलकं. जड दोर जवळजवळ सरळ खाली जातो, हलका लांब मागे जातो, दोघांमध्ये जागा राहते. शिसं तळाला लागल्यावर दर मिनिटाला हातभर उचलून सोडा. ‘ठक्’ जाणवलं तर ठीक. नाही जाणवलं तर थोडी लाइन सोडा, तरीही नाही तर वजन वाढवा. दोर ४५ अंशांपेक्षा जास्त तिरका गेला की वजन वाढवूनही उपयोग नाही, पाणी मंदावायची वाट बघा.

मासा टोचायला लागला की खाडीवरची सवय उफाळून येते आणि हात झटका मारतो. इथे झटका मारायचा नाही. सर्कल हुक झटक्याने तोंडातून सरळ बाहेर निघतो. रॉड होल्डरमध्येच राहू द्या. दोन-तीन टोचे, मग रॉडचं टोक हळूहळू वाकेल आणि वाकलेलंच राहील. तेव्हा रीळ फिरवायला सुरुवात करा, संथ आणि न थांबता. गळ आपला आपण कोपऱ्यात जातो. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) लाइनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे ८० पौंडीला ९ ते १२ किलो. हे अंदाजाने न करता किनाऱ्यावरच ताणकाटा लावून ठरवा. रॉड फार उंच उचलू नका. थोडं उचला, खाली येताना रीळ गुंडाळा, दोर कधीही ढिला पडू देऊ नका. संथ ओढला तर मोठा हॅलिबटसुद्धा बराच अंतर मुकाट येतो. अर्ध्यात तो अचानक जड झाला तर तो आडवा झालाय, थांबा, त्याला वळू द्या.

खरी झटापट बोटीशी सुरू होते. पहिल्यांदा उजेड आणि बोट दिसली की तो बहुधा परत खाली धावतो. ड्रॅग जरा सैल ठेवा आणि जाऊ द्या. या वेळेपर्यंत बाकीच्या तिघांचे दोर वर आलेले हवेत. मासा वर आणल्यावर त्याचं डोकं पाण्याबाहेर काढू नका. डोकं पाण्यात असेपर्यंत तो शांत असतो, बाहेर आलं की सगळ्या अंगाने आपटतो. लीडर धरणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि दोर हाताला कधीही गुंडाळू नये. ४० किलोंच्या माशाने एक डुबकी मारली तर बोटं जातात.

आत्ताच ठरवायचं: ठेवायचा की सोडायचा. गॅफ (दांड्याचा धारदार आकडा) लागल्यावर हा प्रश्न उरत नाही. लांबीवरून वजनाचा अंदाज येतो: मीटरभर मासा १२-१३ किलोंचा, दीड मीटरचा ४५ किलोंच्या आसपास. ४५ किलोंवरचे जवळजवळ सगळे मासे माद्या असतात. २० एक किलोंची मादी साधारण ५ लाख अंडी देते, ११० किलोंच्या वरची ४० लाखांपर्यंत. मोठ्या माशाचं मांस भरड असतं आणि वर्षानुवर्षं साठलेला पाराही त्यात जास्त. त्यामुळे दीड मीटरवरचा मासा फोटो काढून पाण्यातूनच सोडून द्यावा असं माझं मत आहे. लीडर गळाजवळ कापला की झालं. हॅलिबटला हवेची पिशवी नसते, त्यामुळे खोलीवरून वर आल्याने तो फुगत नाही आणि सुटल्यावर सरळ तळाशी जातो.

ठेवायचा असेल तर १० किलोंच्या आतल्याला डोक्यात गॅफ घालून एका हालचालीत पेटीत टाका आणि झाकण लावून वर बसा. गॅफ अंगात मारू नका, तेच मांस तुम्ही खाणार आहात. २० किलोंच्या वर हार्पून हवा. त्याचं टोक दांड्यापासून सुटं होतं आणि पाच-सहा मीटर दोराने फुग्याला बांधलेलं असतं. कल्ल्याच्या झाकणामागे वीतभर अंतरावर, पाठीच्या कण्याजवळ, सरळ खाली मारायचं, टोक पांढऱ्या बाजूने आरपार जाऊन आडवं झालं पाहिजे. पोटात मारलं तर मांस फाटून सुटतो. हार्पून लागला की त्याला फुग्याशी दमू द्या. मग डोळ्यांच्या किंचित मागे दणकट सोट्याने दोन-तीन घाव, दोन्ही बाजूचे कल्ले कापायचे, तोंडातून आणि कल्ल्यातून एक दोर, शेपटीला दुसरा, आणि दोन्ही दोर एकमेकांकडे ओढून मासा धनुष्यासारखा वाकवून बांधायचा. वाकलेल्या स्थितीत त्याला शेपूट मारता येत नाही. असाच बोटीच्या कडेला १०-१५ मिनिटं रक्त जाऊ द्या आणि नंतरच आत घ्या. जिवंत मोठा हॅलिबट डेकवर घेणं हा वेडेपणा आहे. त्याच्या शेपटीने पाय मोडलेले आहेत, अलास्कात जीवही गेला आहे. चार्टरचे कप्तान बंदूक वापरतात ते बघून तुम्ही तसं करू नका. हलत्या बोटीत, चार माणसांमध्ये, गोळी पाण्यावरून उडते.

गळाला दुसरेही पाहुणे येतात. पाकट आणि मुशी येऊ लागल्या तर जागा बदला, त्या हटत नाहीत. अॅरोटूथ नावाचा एक चपटा मासा हॅलिबटसारखाच दिसतो. त्याची अंगावरची रेघ जवळजवळ सरळ असते, हॅलिबटची पुढच्या पराच्या वर कमानीसारखी वळते. अॅरोटूथचं मांस शिजवताच लगदा होतं, सोडून द्या. रॉकफिश मात्र हवेच्या पिशवीचा मासा. खोलीवरून आला की डोळे आणि पोट बाहेर येतात आणि नुसता सोडला तर तरंगत मरतो. त्याला परत खाली नेणारं वजनाचं साधन समुद्रात मासेमारी करणाऱ्या प्रत्येक बोटीवर असणं अलास्कात २०२० पासून सक्तीचं आहे. मित्राच्या बोटीवर ते आहे का, विचारून घ्या.

मांसाचं भवितव्य पहिल्या तासात ठरतं. रक्त काढलेला मासा लगेच बर्फात, पांढरी बाजू वर. चौघांसाठी ४०-५० किलो बर्फ न्या आणि त्यात समुद्राचं पाणी घालून काला करा, नुसत्या खड्यांपेक्षा तो लवकर गारवा देतो. पोट साफ केल्यास आतही बर्फ भरा. फार वेळ झगडलेला आणि उन्हात पडलेला मासा कधी कधी दुसऱ्या दिवशी खडूसारखा पांढरा, कोरडा होतो. अंगातलं लॅक्टिक आम्ल वाढून प्रथिनं बिघडतात. खाल्ल्याने अपाय होत नाही, पण चव गेलेली असते. उन्हाळा पुढे सरकतो तसं हे वाढतं.

मासा बोटीवर कापू नका. कायद्याने बोटीवर ठरावीक तुकडेच करता येतात आणि प्रत्येकावर कातडी ठेवावी लागते, चार्टरवर लांबीचं बंधन असलेल्या माशाचा तर सांगाडाही. बंदरावर माशांसाठी टेबलं आहेत. २०-२५ सेंटिमीटर लवचिक पात्याची सुरी घ्या, मधल्या रेघेवर डोक्यापासून शेपटीपर्यंत काट्याला टेकेल असा छेद द्या, तिथून दोन्ही बाजूंना काट्यावर पातं टेकवत सोलत जा. वरच्या बाजूचे दोन आणि पांढऱ्या बाजूचे दोन असे चार लांब तुकडे निघतात. गालांचे दोन गोल तुकडे विसरू नका, सगळ्यात गोड मांस तेच. मधल्या रेघेखालची लालसर पट्टी काढून टाका, फ्रीजरमध्ये आधी खवट होते ती तीच. आख्ख्या माशाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास साफ मांस हाती येतं. चौघांचे आठ मासे सरासरी ७ किलोंचे धरले तर २७-२८ किलो. त्यासाठी २३ किलोंच्या विमानाच्या मर्यादेत बसणारी दोन खोकी लागतील.

होमरमध्येच व्हॅक्यूम पॅक करून गोठवून घ्या. एका जेवणाचा एक, असे अर्ध्या किलोचे पॅक सांगा. दगडासारखी गोठलेली मासळी मेण लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घट्ट भरली तर अँकरेजपर्यंतचा पाच तासांचा रस्ता आणि सिएटलचं विमान आरामात निभावते. कोरडा बर्फ घालायचा असेल तर प्रवाशामागे २.५ किलोपर्यंत, आणि विमान कंपनीला आधी सांगून.

घरी करताना एकच लक्षात ठेवा, या माशात चरबी फार कमी. सुरमईला तव्यावर जेवढा वेळ देता तेवढा दिलात तर कापूस होईल. अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला रव्यात तीन-तीन मिनिटं पुरतात. कालवणाला नारळाचं दूध घातलेलं चांगलं. आधी रस्सा पूर्ण उकळून चव लावून घ्यायची, तुकडे शेवटच्या पाच मिनिटांत सोडायचे आणि पळी न घालता पातेलंच हलवायचं. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या ताटात लहान माशाचे पॅक जावेत, म्हणून भरतानाच पॅकवर माशाचं वजन लिहून ठेवा.